वजनाची राखण

प्रत्येक घरात एकजण असा असतो की त्याला कितीही खाऊ घाला, अंगाला लागत नाही. त्याच घरात एखादी मावशी किंवा काकू असते. ती म्हणते, 'मी नुसतं पाणी प्यायले तरी माझं वजन वाढतं.' पहिल्याचा सगळ्यांना हेवा वाटतो. दुसरीवर कुणाचा विश्वास बसत नाही. जिभेवर ताबा ठेव, भात सोड, चाल, असं तिला जो तो सांगतो. ती खरोखर भात सोडते, पहाटे उठून चालते, सहा-आठ महिन्यांत दहा किलो उतरवते आणि दोन-तीन वर्षांत त्यातलं बहुतेक वजन परत येतं. 'निश्चय टिकला नाही' हा शेराही तिलाच ऐकावा लागतो. गेल्या ऐंशी वर्षांत शरीरशास्त्राने वजनाविषयी जे शोधलं आहे, ते वाचलेल्या माणसाला हा शेरा मारवणार नाही.

आधी एक साधा हिशोब. बैठं काम करणारा माणूस दिवसाला २००० कॅलरी खातो असं धरू. वर्षाच्या झाल्या सात लाख तीस हजार. शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी साठलेल्या असतात. रोजच्या खाण्यात फक्त एक टक्का, म्हणजे वीस कॅलरी, एका लहान बिस्किटाएवढं इकडचं तिकडे झालं, तर कागदावरच्या हिशोबाने वर्षाला जवळजवळ एक किलो वजन वाढायला हवं. प्रत्यक्षात तसं होत नाही. याचं एक कारण सोपं आहे: देह जड झाला की त्याचा खर्चही वाढतो. पण तेवढ्याने सगळं उलगडत नाही. आज लग्नाच्या पंगतीत जिलबीचा आग्रह, उद्या एकादशी, परवा प्रवासात वडापाव. एका दिवसाचं खाणं दुसऱ्या दिवसासारखं नसतं आणि आपल्यापैकी कुणीही वहीत कॅलरी मांडून ठेवत नाही. तरीही बहुतेक मोठ्या माणसांचं वजन महिनोन् महिने एक-दोन किलोंच्या आतच खालीवर होतं. आपण मोजत नसलो तरी आत कुठेतरी मोजणी चालू असते.

ही मोजणी सर्वांत उघडी पडली ती उपासमारीत. नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शरीरशास्त्रज्ञाने ३६ तरुण निवडले. सगळे धडधाकट होते आणि सगळ्यांनी तत्त्वासाठी युद्धाला नकार दिला होता. बंदूक उचलण्याऐवजी त्यांनी ही सेवा पत्करली. युरोपात तेव्हा लाखो लोक उपाशी होते. युद्ध थांबल्यावर त्यांना काय, किती आणि कसं खायला घालायचं हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. ते कळावं म्हणून हे तरुण आपणहून उपाशी राहायला तयार झाले. विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या खोल्यांत त्यांचा मुक्काम होता. पहिले बारा आठवडे रोज सुमारे ३२०० कॅलरींचं पोटभर जेवण. मग १२ फेब्रुवारी १९४५ पासून चोवीस आठवडे दिवसातून फक्त दोन जेवणं, मिळून १६०० कॅलरींच्या आसपास. बटाटे, सलगम, कोबी, पाव, मॅकरोनी. शिवाय आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं सक्तीचं. आज लोकांच्या हातात पडणाऱ्या कित्येक डाएटच्या तक्त्यांवर याहून कमी कॅलरी लिहिलेल्या असतात, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.

त्या चोवीस आठवड्यांत तरुणांचं वजन सरासरी चतुर्थांशाने घटलं. वजनापेक्षा त्यांच्या वागण्यातला बदल मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ताटातला घास ते तास तास पुरवून खात. खाण्यात पाणी मिसळून ते वाढवत, ताटं चाटून पुसून स्वच्छ करत. ज्यांनी कधी चूल पेटवली नव्हती ते पाककृतींची पुस्तकं जमवून रात्री अंथरुणात वाचत बसले. कॉफी आणि च्युइंगगम यांचा सपाटा इतका वाढला की त्यावर बंधन घालावं लागलं. जुलैच्या उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजे. बसायला गेलं की हाडं टोचत, म्हणून ते उशी बरोबर घेऊन फिरत. मैत्रिणी, राजकारण, पुस्तकं, सगळ्यांतून मन उडालं. दिवसभर डोक्यात एकच विषय असे, पुढचं जेवण.

आत शरीर काटकसर करत होतं. आपण नुसते स्वस्थ पडून असतानाही हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं चालवायला इंधन लागतं. हा पायाभूत खर्च या तरुणांत जवळजवळ ४० टक्क्यांनी उतरला. देह लहान झाला म्हणून खर्च कमी होणं समजण्यासारखं आहे, पण ही घट त्याहून जास्त होती. उरलेल्या प्रत्येक किलोमागेही शरीर पूर्वीपेक्षा कमी जाळत होतं. नाडी मिनिटाला चाळिशीच्या खाली उतरली होती.

यापुढचा भाग वजन उतरवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. उपासमार संपल्यावर बारा आठवडे बेताने खाणं वाढवण्यात आलं. त्यानंतर बाराजण आणखी आठ आठवडे थांबले आणि त्यांना हवं तेवढं खाण्याची मोकळीक मिळाली. ते दिवसाला पाच-पाच हजार कॅलरी आणि कधी त्याच्याही कितीतरी वर खाऊ लागले. पोट तुडुंब भरलं तरी भूक भागत नव्हती. गेलेली चरबी परत आली, मग पूर्वीपेक्षा जास्त झाली, तरी खा-खा थांबेना. पुढे १९९० च्या दशकात अब्दुल डुलू या संशोधकाने कीज यांचे आकडे पुन्हा तपासले. चरबी भरून आली तरी स्नायू अजून भरून आलेले नव्हते आणि ते भरेपर्यंत भूक चढीच राहिली, असं त्यातून दिसलं. चरबी लवकर परत येते आणि मांस सावकाश, ही गोष्ट पुढे पुण्याच्या संदर्भात पुन्हा लागेल.

उपासमारीची उलट बाजूही पाहिली गेली. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये इथन सिम्स या डॉक्टरांनी सडपातळ माणसांना मुद्दाम जाड करून पाहायचं ठरवलं. सुरुवातीला विद्यार्थी घेतले, पण त्यांना पुरेसं वजन वाढवणं जमेना. मग तिथल्या तुरुंगातले स्वेच्छेने पुढे आलेले कैदी घेतले. वजन वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढवायला कित्येक महिने कोंबून कोंबून खावं लागलं. वाढलेलं वजन नुसतं टिकवायलाही, त्या आकारमानाच्या माणसाला लागावं त्याहून पुष्कळ जास्त खाणं भाग पडलं. जेवणाचा तिटकारा आला. प्रयोग संपला तसे बहुतेकजण विशेष खटपट न करता पूर्वीच्या वजनाकडे परतले. शरीर वरच्या बाजूलाही राखण करतं, पण ती किती कडक असेल हे माणसागणिक बदलतं.

'खाल्लेलं अंगाला लागत नाही' हे वाक्य प्रयोगशाळेत मोजलं गेलं ते १९९० मध्ये. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये क्लोद बुशार यांनी एकसारख्या जुळ्या भावांच्या बारा जोड्या घेतल्या आणि शंभर दिवसांतले ८४ दिवस प्रत्येकाला गरजेपेक्षा १००० कॅलरी जास्त दिल्या. सरासरी वाढ ८.१ किलो निघाली. पण कुणी ४.३ किलोंवर थांबला, तर कुणी १३.३ किलोंनी वाढला. खाणं सगळ्यांचं सारखंच वाढवलेलं, नजरेखालचं. मात्र एका जोडीतले दोघं भाऊ बऱ्याच अंशी सारखेच वाढले आणि चरबी साठण्याच्या जागाही दोघांच्या जुळल्या. कुणाच्या अंगाला किती लागणार, यात जनुकांचा वाटा मोठा आहे, हे यापेक्षा स्पष्टपणे दाखवणं कठीण.

मग ती जादा ऊर्जा जाते कुठे? १९९९ मध्ये मेयो क्लिनिकच्या जेम्स लिव्हाइन यांनी सोळाजणांना आठ आठवडे रोज १००० कॅलरी जास्त खायला घातल्या. चरबीची वाढ कुणात अर्ध्या किलोहूनही कमी, तर कुणात चार किलोंच्या वर झाली. फरक व्यायामाचा नव्हता, कारण व्यायामावर मर्यादा घातलेली होती. फरक होता नकळत होणाऱ्या हालचालींचा: उठबस, येरझाऱ्या, बसल्या जागी पाय हलवणं, ताठ बसणं. काही माणसांचं शरीर जास्त खाल्लं की आपोआप चुळबुळं होतं आणि मिळालेलं इंधन उडवून टाकतं. त्यांनी त्यासाठी निश्चय वगैरे काही केलेला नसतो. हेव्याचा धनी होणाऱ्या त्या काटकुळ्या माणसाचं सगळं श्रेय त्याला जात नाही, तसा मावशीचा सगळा दोषही तिचा नाही.

आता प्रश्न उरतो तो मोजणाऱ्याचा. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. त्याचा एक विशिष्ट अंश बिघडवला की उंदीर अफाट जाड होतात, हे १९४० च्या सुमारास दिसलं होतं. १९५१ मध्ये येल विद्यापीठात बाळकृष्ण आनंद या भारतीय शरीरशास्त्रज्ञाने जॉन ब्रोबेक यांच्यासह त्याच भागाची बाहेरची कड तपासली. तिथे इजा केल्यावर उंदरांनी खाणंच टाकलं. समोर अन्न असून ते उपाशी मेले. भुकेचं केंद्र म्हणून जगभरच्या पाठ्यपुस्तकांत जे शिकवलं गेलं ते हे. आनंद पुढे दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. मराठी विज्ञानलेखनात त्यांचं नाव क्वचितच वाचायला मिळतं, ते जास्त वेळा यायला हवं.

पण मेंदूला कळतं कसं की अंगात चरबी किती आहे? १९५३ मध्ये गॉर्डन केनेडी यांनी कल्पना मांडली की चरबी स्वतःच रक्तातून काहीतरी निरोप पाठवत असावी आणि मेंदू तो वाचून भूक कमीजास्त करत असावा. गीझरमधलं पाणी ठरावीक अंशाखाली गेलं की तो आपोआप चालू होतो, तसं काहीसं. निरोप मात्र सापडत नव्हता. त्याचा माग लागला तो अमेरिकेच्या मेन राज्यात, बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत. तिथे १९४९ मध्ये उंदरांच्या एका वाणात अतोनात जाड पिल्लं जन्मली. ती सतत खात आणि नेहमीच्या उंदराच्या तिप्पट वजनाची होत. पुढे १९६० च्या दशकात आणखी एका वाणात तशीच जाड, शिवाय मधुमेह झालेली पिल्लं मिळाली. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखी, पण जनुकातला दोष वेगळा.

डग्लस कोलमन यांनी या उंदरांच्या जोड्या शस्त्रक्रियेने एकमेकांना अशा जोडल्या की दोघांचं रक्त थोडं थोडं एकमेकांत मिसळावं. मधुमेही जाड उंदराला साधा उंदीर जोडला, तर साध्याने खाणं सोडलं आणि तो खंगून मेला. पहिल्या वाणाचा जाड उंदीर साध्याला जोडला, तर जाडाचं खाणं कमी झालं आणि त्याचं वजन घटलं. शेवटी दोन जाड वाण एकमेकांना जोडले, तर मधुमेही उंदीर जाडच राहिला आणि दुसरा उपाशी मेला. कोलमन यांनी यातून नेमका अर्थ काढला. पहिल्या वाणात निरोपच तयार होत नाही, म्हणून शेजाऱ्याच्या रक्तातून तो मिळताच भूक आवरते. दुसऱ्या वाणात निरोप भरपूर आहे पण मेंदूला तो वाचता येत नाही, म्हणून त्याच्या रक्तातला तो पूर दुसऱ्याची भूक मारून टाकतो. रक्तातला तो पदार्थ तोवर कुणी पाहिलेलाही नव्हता, आणि त्याचं वागणं मात्र इतकं अचूक सांगितलं गेलं होतं. प्रयोगातून विचार कसा करावा, याचं इतकं देखणं उदाहरण जीवशास्त्रात मला दुसरं चटकन सापडत नाही.

पदार्थ हाती यायला डिसेंबर १९९४ उजाडावं लागलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी पहिल्या वाणाचं बिघडलेलं जनुक शोधून काढलं. ते जनुक ज्या संप्रेरकाचा नकाशा होतं त्याचं नाव पडलं लेप्टिन. ते चरबीच्या पेशींतूनच स्रवतं. साठा जितका मोठा तितकं रक्तात लेप्टिन जास्त. पुढच्याच वर्षी लेप्टिनची इंजेक्शनं देताच ते जाड उंदीर सडपातळ झाले.

माणसातही हे घडतं का, याचं उत्तर १९९७ मध्ये केंब्रिजमधून आलं. मूळच्या पाकिस्तानी कुटुंबातली दोन चुलत-आते नात्यातली मुलं स्टीफन ओराहिली आणि सदफ फारुकी यांच्या पथकाकडे होती. आठ वर्षांच्या मुलीचं वजन ८६ किलो, दोन वर्षांच्या मुलाचं २९. दोघांच्या रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हतंच. जन्मतः त्यांची वजनं सर्वसाधारण होती, पण काही महिन्यांत भूक अनावर झाली. खाणं नाकारलं की आकांत. अशा मुलांच्या आईबापांना आजूबाजूचे लोक काय काय बोलले असतील, याची कल्पना आपल्याला सहज करता येते. मुलीला नवव्या वर्षी लेप्टिनची रोजची इंजेक्शनं सुरू झाली तेव्हा तिचं वजन ९४.४ किलो होतं. वर्षभरात ते १६.४ किलोंनी उतरलं. तिला कुणी शिस्त लावली नव्हती की धाक घातला नव्हता. तिच्या मेंदूला, तुझ्या अंगात साठा भरपूर आहे, हा निरोप पहिल्यांदाच पोचला आणि तिचा ताटातला हात आपोआप थांबू लागला.

लेप्टिन देऊन सगळ्यांचाच लठ्ठपणा जाईल, अशी आशा तेव्हा जगभर उसळली. ती फोल ठरली. लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर असतं आणि वरून आणखी दिलं तरी मेंदू फारशी दाद देत नाही. या निराशेतूनच संशोधकांना लेप्टिनचं खरं काम उमगलं. साठा वाढल्याचा निरोप मेंदू कानाआड करतो. साठा घटल्याचा निरोप मात्र तो लगेच ऐकतो. लेप्टिन उतरलं की मेंदूच्या लेखी दुष्काळ सुरू होतो. भूक वाढते, खर्च आवरला जातो. मुलींमध्ये आणि बायकांमध्ये चरबी फारच घटली तर पाळीसुद्धा बंद पडते, कारण एका गरोदरपणासाठी एरवीच्या खाण्याच्या वर सुमारे पाऊण लाख कॅलरी लागतात आणि एवढी तरतूद नसताना गर्भ राहणं शरीराला परवडत नाही. लाखो वर्षं माणसाला भीती होती ती उपाशी मरण्याची. जाड होण्याची भीती बाळगण्याइतकं अन्न फार थोड्यांना मिळालं. म्हणून खालच्या बाजूचा पहारा कडक झाला आणि वरच्या बाजूचा ढिला राहिला.

रॉकफेलरमध्येच रूडॉल्फ लायबेल, मायकेल रोझेनबाऊम आणि जुल्स हर्श यांनी १९९५ मध्ये हा पहारा माणसांवर मोजला. वजन दहा टक्क्यांनी उतरवलेल्या माणसाचा रोजचा खर्च त्याच्या नव्या आकारमानाला शोभेल त्याहूनही बराच कमी निघाला. म्हणजे सत्तर किलोंची एक बाई कायम सत्तरचीच आहे आणि दुसरी ऐंशीवरून सत्तरवर आली आहे, तर दुसरीला रोज पहिलीपेक्षा कमी खाऊन भागवावं लागतं, तेही जास्त भूक सोसत. आपल्या मावशीचं 'पाणी प्यायले तरी' हे बोलणं शब्दशः खरं नाही, पण त्यामागचा अनुभव असा मोजता येतो. तिच्या वजनाच्या मैत्रिणीला जे जेवण पुरतं आणि पचतं, त्याच जेवणावर तिचं वजन खरोखर वाढतं.

हे सोसणं किती काळ? २०११ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी पन्नास लठ्ठ माणसांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींवर ठेवलं आणि पुढे वर्षभर त्यांची संप्रेरकं मोजली. वर्षानंतरही लेप्टिन उतरलेलं होतं, भूक चेतवणारं घ्रेलिन चढलेलं होतं आणि भूक आधीपेक्षा जास्त होती. अमेरिकेत टीव्हीवर वजन घटवण्याची एक गाजलेली स्पर्धा होती. केव्हिन हॉल यांनी तिच्यातल्या चौदा स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरवलेल्या या माणसांचे ४१ किलो परत आले होते. तरीही त्यांचा पायाभूत खर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमीच होता. सावकाश उतरवलं तर वजन परत येत नाही, असं आपल्याकडे अगदी खात्रीने सांगितलं जातं. मेलबर्नच्याच एका पाहणीत भरभर उतरवणारे आणि सावकाश उतरवणारे असे दोन गट करून तीन वर्षं पाहिलं, तर दोघांचंही उतरलेलं वजन सारख्याच प्रमाणात, जवळजवळ सत्तर टक्के, परत आलं.

शरीर इतकी राखण करतं, तर जगभर लठ्ठपणा वाढला कसा, असं कुणी विचारेल. जनुकं तर दोन पिढ्यांत बदललेली नाहीत. बदललं ते ताट. २०१९ मध्ये हॉल यांनी वीसजणांना रुग्णालयात ठेवून दोन आठवडे कारखान्यात बनलेले, पाकीटबंद पदार्थ दिले आणि दोन आठवडे साधं, ताजं शिजवलेलं जेवण दिलं. वाढलेल्या ताटातल्या कॅलरी, साखर, स्निग्धांश, तंतू दोन्हीकडे सारखे ठेवले होते. हवं तेवढं खा, असं सांगितलं होतं. पाकीटबंद खाण्यावर लोकांनी रोज ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलो वाढले. साध्या जेवणावर तेवढेच उतरले. मोजणारी यंत्रणा ज्या अन्नाच्या सवयीने घडली त्या अन्नावर ती अजूनही बरं काम करते. मऊ, भरभर गिळता येणाऱ्या, कॅलरी ठासून भरलेल्या खाण्यापुढे ती मागे पडते. आपल्याकडे २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वजन जास्त असलेल्या स्त्रिया २०.६ टक्के होत्या. २०१९-२१ च्या पाहणीत त्या २४ टक्के झाल्या. एवढ्या थोड्या वर्षांत देशभरच्या बायकांचा निश्चय ढासळला, असं समजणं वेडेपणाचं आहे. गल्लीच्या दुकानात दोरीला टांगलेल्या पाच-दहा रुपयांच्या पुड्या मात्र आपण सगळे पाहतो.

आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती पुण्यात उलगडली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांची आणि त्यांच्या बाळांची पाहणी सुरू केली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची होती, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. पुण्याची बाळं सगळ्याच बाबतीत लहान असतील, अशी अपेक्षा होती. पोटातले अवयव लहान होते, स्नायू लहान होते. पण खांद्यामागची कातडी चिमट्यात धरून मोजल्यावर तिथली चरबी जवळजवळ साउदॅम्प्टनच्या बाळांइतकी निघाली. रोड दिसणाऱ्या त्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात लेप्टिनसुद्धा वजनाच्या मानाने जास्त होतं. आईच्या पोटात अन्न कमी पडलं तेव्हा वाढत्या शरीराने मांसावर काट मारली आणि चरबी राखली.

२००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. उंची आणि वजन यांचं गुणोत्तर, ज्याला आपण बीएमआय म्हणतो, ते दोघांचं तंतोतंत सारखं, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. वजनकाट्याला हा फरक दिसत नाही. भारतीयांना मधुमेह कमी वयात, कमी वजनावर गाठतो, त्याच्या मुळाशी हे आहे. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ झाला की वजन जास्त आणि २५ झाला की लठ्ठपणा मानतात. युरोपीय लोकांसाठी हेच आकडे २५ आणि ३० आहेत.

आता बाजारात आलेल्या नव्या इंजेक्शनांबद्दल. आतड्यातून जेवणानंतर स्रवणाऱ्या संप्रेरकांची नक्कल असलेली ही औषधं मेंदूला पोट भरल्याचा निरोप देतात. त्यातलं टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये भारतात विकायला आलं. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं. ज्यांच्या डोक्यात आयुष्यभर खाण्याचा विचार घोळत राहिला, त्यांना तो पहिल्यांदाच शांत झाल्याचं जाणवतं, आणि त्यांचा हा दिलासा खरा आहे. पण चाचणी संपून इंजेक्शनं थांबल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. औषध चालू असताना पहारेकरी गप्प असतो. त्याची जुनी आठवण पुसली जात नाही. म्हणून लग्नाआधी तीन महिने इंजेक्शन घ्यायचं आणि सोडायचं, असा बेत कुणी करत असेल तर त्याला थांबवावं. रक्तदाबाच्या गोळीसारखं हे लांबचं काम आहे. खर्च आणि दुष्परिणाम यांचा विचार डॉक्टरांपाशी बसून आधीच करायला हवा.

आपल्या लोकांनी डॉक्टरांना विचारावा असा आणखी एक प्रश्न आहे, तो मांसाचा. वजन कसंही उतरवा, उपासाने किंवा औषधाने, त्यात चरबीबरोबर मांसही जातं. परत येताना चरबी आधी येते, हे मिनेसोटात दिसलं होतं. ज्यांच्या अंगात मुळातच मांस कमी आणि चरबी जास्त, त्यांचं वजन दोन-तीनदा उतरून पुन्हा चढलं, तर काट्यावर आकडा तोच दिसेल आणि आत मांस आणखी कमी झालेलं असेल. वजन उतरवताना डाळी, कडधान्यं, दूध-दही, अंडी किंवा मासे पुरेसे पोटात जाणं आणि आठवड्यातून दोन-तीनदा जड उचलण्याचा, स्नायूंना ताण देणारा व्यायाम करणं यासाठी गरजेचं आहे. नुसत्या चालण्याने हे साधत नाही.

काट्यापेक्षा शिंप्याची टेप यात जास्त सांगते. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता टेप धरायची. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही सीमा आहे. तिच्या वर माप जात असेल, तर काट्यावरचा आकडा कितीही समाधानाचा असला तरी उपाशीपोटीची साखर तपासून घ्यावी.